डायलवरचा ‘ए’

रुग्णालयाच्या मागच्या अंगाला, धुलाईखान्याच्या शेजारी, कृत्रिम हातपाय बनवायचं वर्कशॉप होतं. वर्कशॉप म्हणजे तीन खोल्या. पहिलीत प्लास्टरचं काम, दुसरीत भट्टी आणि घासायचं यंत्र, आणि तिसरी सगळ्यांत मोठी. तिथे एका भिंतीला वरपर्यंत आरसा होता आणि आरशासमोर, धरून चालायला, कमरेच्या उंचीच्या दोन लांब दांड्या. काम करणारे चौघे. त्यांतली एकच बाई. वय छत्तीस, हाताला चपळ, बोलायला बेताची. तिला सगळे ताई म्हणत, तिच्या दुप्पट वयाचे रुग्णसुद्धा.

ताईकडे हातांचं काम असे. पाय बाकीचे तिघे बघत. पायाची माणसं जास्त येतात, हाताची कमी. म्हणून उरलेल्या वेळात फायली लावणं, सामान मागवणं आणि फोटो काढणं हेही तिच्याच गळ्यात पडलं होतं. प्रत्येक रुग्णाच्या फायलीत तीन फोटो लागत: आला तेव्हाचा, माप घेतल्यावरचा आणि नवा अवयव बसवल्यावरचा. ऑफिसच्या कपाटात एक डिजिटल कॅमेरा होता, त्याच्या डायलवरची हिरवी खूण समोर आणून ठेवायची आणि बटण दाबायचं, एवढं तिला आधीच्या माणसाने शिकवलं होतं. सहा वर्षं तिने तेवढंच केलं.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला तिच्याकडे एक अठ्ठावन्न वर्षांचे गृहस्थ आले. सोबत बायको. रस्त्यावरच्या अपघातात त्यांचा उजवा हात कोपराखाली चार बोटांएवढाच उरला होता, बाकीचा डॉक्टरांना काढावा लागला होता. जखम भरून पाच महिने झाले होते. माप घेताना ते खिडकीबाहेर बघत बसले. ताई काही विचारी, ते मान हलवत, आणि उत्तर बायको देई. शेवटी ताईने फॉर्मवरचा नेहमीचा प्रश्न विचारला, या हाताने तुम्हाला सगळ्यांत आधी काय करायचंय. लोक सांगत, शर्टाची बटणं लावायचीत, लेकीची वेणी घालायचीय, खुर्ची उचलायचीय. हे म्हणाले, काही नाही. ताईने तेच लिहिलं. माणूस जे म्हणेल ते लिहायचं अशी तिची पद्धत होती.

जाताना त्यांची बायको दारात मागे रेंगाळली. तिने हळूच सांगितलं की ते फोटोग्राफर आहेत, तीस वर्षं लग्नांचे, शाळांचे, दुकानांच्या उद्घाटनांचे फोटो काढले, आणि अपघातापासून कॅमेऱ्याकडे बघितलंही नाही. कपाटाची किल्लीसुद्धा त्यांनी तिच्या स्वाधीन केली होती. एवढं सांगून ती नवऱ्यामागे धावत गेली, कारण ते जिना उतरून पार फाटकापाशी पोचले होते.

तिसऱ्या खेपेला ते आले तेव्हा त्यांची फाइल टेबलावर उघडी पडली होती. ताई भट्टीतला प्लास्टिकचा पत्रा बघायला आत गेली आणि परत आली तर गृहस्थ फायलीवर वाकलेले. आपल्या तुटक्या हाताचा फोटो त्यांनी पाहिला, आता काय होतंय कोण जाणे, म्हणून ती जागच्या जागी थबकली.

त्यांनी विचारलं, “हा कोणी काढला?”

“मी.”

“यात हात कुठला आणि बादली कुठली ते तरी सांगा.”

ताईने वाकून बघितलं. त्यांचं म्हणणं खरं होतं. फ्लॅशच्या उजेडात हात भिंतीसारखाच पांढुरका दिसत होता, आणि कोपराच्या मागे मांडणीवर टांगलेले सात कृत्रिम पाय, पुसायचा मॉप आणि निळी बादली हे सगळं इतकं स्वच्छ आलं होतं की फाइल त्यांचीच वाटावी. बायको हसू दाबायला लागली. गृहस्थांना मात्र हसू आलं नाही. त्यांनी कॅमेरा मागितला, डाव्या हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला. बटण उजव्या बाजूला होतं. त्यांचं बोट तिथवर पोचेना. त्यांनी तो तसाच ताईसमोर ठेवला आणि म्हणाले, ती हिरवी खूण सोडा, डायल फिरवून ‘ए’वर आणा.

मग अर्धा तास ते बोलत होते. अपघातानंतर एवढं बोललेले ऐकलं नव्हतं, असं त्यांच्या बायकोने नंतर ताईला सांगितलं. हिरव्या खुणेवर सगळं कॅमेराच ठरवतो, त्यामुळे त्याला हात काय आणि बादली काय, सारखंच. ‘ए’वर ठेवलं की एक गोष्ट आपल्या हातात येते: लेन्समधलं भोक किती उघडायचं. त्याला अ‍ॅपर्चर म्हणतात. ते आपण ठरवलं की त्या उजेडाला शटर, म्हणजे आतला पडदा, किती वेळ उघडा ठेवायचा ते कॅमेरा आपल्या आपण बघतो. भोक मोठं ठेवलं तर ज्याच्यावर नेम धरलाय तेवढंच स्पष्ट येतं, मागचं सगळं विरघळतं. भोक बारीक केलं तर पुढचं, मागचं, बादलीसकट सगळं स्पष्ट.

“तुम्ही पण असेच काढायचात?” ताईने विचारलं.

“छे. मी दोन्ही गोष्टी हाताने लावायचो. ‘ए’ हा घाईतल्या माणसांचा. म्हणजे कॅमेऱ्याला सांगायचं, ए, तूच बघ बाबा.”

त्यांनी तिला फ्लॅश बंद करायला लावला, स्वतः खिडकीपाशी जाऊन बसले आणि बाही वर सरकवून उरलेला हात उजेडात धरला. भोकाचा आकडा दोन पूर्णांक आठवर आणा म्हणाले. ताईने नेम धरला आणि बटण दाबलं. पडद्यावर पाहिलं तर मांडणीवरचे सातही पाय नाहीसे होऊन तिथे नुसता तपकिरी धूसर पट्टा उरला होता, आणि त्याच्यापुढे हात, खिडकीच्या बाजूने उजळलेला, कातडीवरच्या टाक्यांच्या रेघांसह. त्यांनी पडदा डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाले, “बरा आलाय.” हे फोटोला म्हणाले की हाताला, ते ताईला कळलं नाही.

त्या शनिवारी ताईने मोठ्या डॉक्टरांना विचारून कॅमेरा घरी नेला. मोठ्या डॉक्टर म्हणजे या विभागाच्या प्रमुख, साठीच्या बाई, शिस्तीच्या पण मनाने मोकळ्या. घरी सासूबाई मटार सोलत बसल्या होत्या. ताईने त्यांचेच फोटो काढले. एकदा चेहऱ्यावर नेम, एकदा हातांवर, एकदा परातीतल्या दाण्यांवर. सासूबाईंना आधी हे काय खूळ असं वाटलं, पण फोटो दाखवल्यावर त्यांनी चष्मा लावून नीट पाहिला आणि म्हणाल्या, मागचा ओट्यावरचा पसारा दिसत नाही हे फार छान केलंस, पाहुणे येतील तेव्हाही असं करता आलं तर बघ. नवरा बाजारातून आला तर त्याचाही फोटो निघाला, दारात, पिशवीसकट. पिशवी स्पष्ट आली, नवरा नाही. त्यावर घरात दोन दिवस विनोद चालले.

हा नवा नाद लागल्यावर ताईने वर्कशॉपमधले सगळे फोटो दोन पूर्णांक आठवर काढायचा सपाटा लावला. पंधरा दिवसांनी मोठ्या डॉक्टरांनी तीन फायली परत पाठवल्या. वर चिठ्ठी होती: फोटो सुंदर आहेत, पण मला सुंदर नकोत. हाताच्या हुकाची टोकं दिसताहेत आणि दंडावरचा पट्टा धूसर आहे, तो कातडीला घासतोय की नाही ते मी कसं ठरवू?

ताईने ती चिठ्ठी फोटोग्राफर काकांना दाखवली. एव्हाना ती त्यांना काका आणि त्यांच्या बायकोला काकू म्हणायला लागली होती. काका मोठ्याने हसले. ते हसतात कसे हे तिने पहिल्यांदाच पाहिलं. पुढचा एक दात थोडा तिरका होता. त्यांनी सांगितलं की आता आकडा वाढव, आठवर ने, अकरावर ने. ताईचा गोंधळ झाला. आकडा वाढवला म्हणजे भोक मोठं ना? नाही, उलट. आकडा मोठा तर भोक बारीक. ते नुसतं पाठ कर म्हणाले, का असं ते विचारू नकोस. पण बारीक भोकाने जास्त गोष्टी स्पष्ट का दिसतात ते मात्र त्यांनी दाखवलं. काकूंचा चष्मा काढून घेतला आणि भिंतीवरची वेळापत्रकाची पाटी वाचायला सांगितली. काकूंनी डोळे बारीक केले आणि अडखळत का होईना, वाचली.

“बघ, हिने आत्ता काय केलं? भोक बारीक केलं,” काका म्हणाले. “पण बारीक भोकातून उजेड थोडा येतो. मग कॅमेऱ्याला डोळा जास्त वेळ उघडा ठेवावा लागतो. तेवढ्यात तू हललीस की सगळं हललं. म्हणून अकरावर काढताना कॅमेरा स्टॅंडवर ठेवायचा.”

चष्मा परत घेताना काकू म्हणाल्या की पस्तीस वर्षांच्या संसारात आपला असा उपयोग पहिल्यांदाच झाला.

जूनच्या शेवटी काकांचा हात तयार झाला. दंडावरून पाठीमागे जाणारा पट्टा, कोपराला घट्ट बसणारं प्लास्टिकचं कवच, आणि टोकाला खांदा पुढे केला की उघडणारा, सैल सोडला की मिटणारा दुहेरी हूक. खऱ्या हातासारखा दिसणारा पंजाही मिळत होता, पण काकांनी तो नको म्हणून सांगितलं. खोटी बोटं घेऊन काय करू, असं म्हणाले. ते रोज सकाळी येत आणि दांड्यांच्या बाजूच्या टेबलावर सराव करत: कपडे वाळत घालायचे चिमटे दोरीवर लावणं, पेला उचलणं, पाकिटाची चेन ओढणं. महिन्याभरात सगळं जमलं. ताईच्या हातचं ते चांगलं काम होतं. कवचाची कड कुठेही टोचत नव्हती आणि तिला मनातून त्याचा अभिमान होता.

कॅमेऱ्याचं नाव मात्र काका काढत नव्हते. ताईला शिकवणं वेगळं, स्वतः हातात घेणं वेगळं. शेवटी एक दिवस काकूंनीच कापडी पिशवीतून त्यांचा कॅमेरा आणला आणि सरावाच्या टेबलावर चिमट्यांशेजारी ठेवला. काकांचा चेहरा उतरला. त्या दिवशीचा सराव त्यांनी भिंतीकडे तोंड करून केला. काकू बाकावर बसून विणत राहिल्या. घरात धूळ खात पडला होता, इथे निदान माणसं बघेल, एवढंच त्या म्हणाल्या.

जेवणाच्या सुटीत काका स्वतःहून ताईशी बोलायला आले. हे यंत्रच उजव्या हाताच्या माणसासाठी केलेलं आहे, असं त्यांनी समजावून सांगितलं. बटण उजवीकडे, दोन्ही डायल उजवीकडे, पकडही उजवीकडे. हुकाने बटण दाबता येतं, पण दाब कळत नाही. अर्धं दाबायचं म्हटलं तर पूर्ण दाबलं जातं. त्यांनी हे घरी करून पाहिलं होतं, म्हणजे कपाटाच्या किल्लीचा ठावठिकाणा त्यांना माहीत होता. काकूंचं विणकाम क्षणभर थांबलं आणि पुन्हा सुरू झालं.

ताईने कॅमेरा उलटा केला. तळाला स्टॅंडचा स्क्रू बसायचं भोक होतं. तिने दोन दिवस काही सांगितलं नाही. काम संपल्यावर तासभर थांबून तिने कवचांसाठी वापरायच्याच प्लास्टिकची एक मूठ बनवली, डाव्या पंजात बसेल अशी, वर स्क्रू, आणि अंगठ्याखाली एक छोटं बटण. त्या बटणाची वायर कॅमेऱ्याच्या कुशीतल्या खोबणीत जात होती. पहिली मूठ फार जाड झाली. दुसरी घासता घासता जास्तच बारीक झाली. तिसरी काकांनी हातात घेतली, बोटं मिटली, आणि नकळत डोळ्यापर्यंत नेली.

मग खाली आणली. म्हणाले, मूठ ठीक आहे, पण उजेड दर पावलाला बदलतो. दर वेळी दोन डायल फिरवायचे म्हणजे मूठ सोडायची, कॅमेरा टेबलावर ठेवायचा, फिरवायचा, परत उचलायचा. तोवर समोरचा माणूस जेवून येईल.

“मग ‘ए’वर ठेवा,” ताई म्हणाली. “भोक एकदाच लावा. बाकी तो बघेल.”

काकांनी नुसतं तिच्याकडे पाहिलं. कॅमेरा पिशवीत गेला, मूठ पिशवीत गेली, दोघं निघून गेले. आपण शहाणपणा शिकवला असं त्यांना वाटलं असणार, या विचाराने ताईला त्या दिवशी जेवण गेलं नाही. पण सोमवारी ते आले तेव्हा कॅमेरा गळ्यात होता. कॅमेरा टेबलावर ठेवून ते प्लास्टरच्या खोलीत गेले, तेवढ्यात काकूंनी ताईला खुणेने डायल पाहायला सांगितला. तो ‘ए’वर होता.

त्याच सुमारास मोठ्या डॉक्टरांना विभागाची माहितीपुस्तिका काढायची होती. नव्या रुग्णांना इथे काय होतं ते कळावं म्हणून चालणाऱ्या, काम करणाऱ्या माणसांचे फोटो हवे होते. त्यांनी काकांना विचारलं. काका हो म्हणाले, पण अट घातली की फोटो चांगले आले नाहीत तर छापायचे नाहीत.

ज्या दिवशी फोटो काढायचे होते त्या दिवशी आभाळ भरून आलेलं होतं. मोठ्या खोलीत सहा रुग्ण जमले होते. काकांनी आल्या आल्या पहिली गोष्ट केली ती म्हणजे कृत्रिम हात काढून खिडकीतल्या खिळ्याला टांगला. उरलेल्या उजव्या हातावर त्यांनी कॅमेऱ्याची लेन्स टेकवली, डाव्या मुठीत बटण धरलं आणि कामाला लागले. ताईला वाईट वाटलं. दोन महिने खपून केलेला हात आणि ऐन कामाच्या वेळी तो खिळ्यावर. तिने ते लपवायचा प्रयत्न केला, पण काकांच्या लक्षात आलं. ते म्हणाले, “जेवायला, अंघोळीला, पिशवी धरायला तुझाच हात. पण कॅमेऱ्याचं वजन कातडीला कळावं लागतं ग.” तिला पहिल्यांदाच त्यांनी ‘ग’ म्हटलं होतं. मग तिचं वाईट वाटणं तसं फार टिकलं नाही.

एक गंमत ताईला दिसली. मोठ्या डॉक्टरांच्या ओळखीचा एक फोटोग्राफर मागच्या वर्षी येऊन गेला होता. तेव्हा माणसं ताठ उभी राहिली होती आणि पँटची टोकं खाली ओढत होती. काकांसमोर कुणी काही ओढलं नाही. ते गुडघ्यावर बसत, उरलेल्या हाताने ‘जरा इकडे सरका’ अशी खूण करत, आणि लोक सरकत. एका म्हाताऱ्या शिंप्याने तर आपणहून पायजमा दुमडून पाय दाखवला.

सगळ्यांत शेवटी एका शाळेतल्या खेळाच्या बाई दांड्यांपाशी आल्या. वय पंचेचाळीसच्या आसपास, केस आखूड, आवाज मैदानावर कमावलेला. त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली कृत्रिम होता आणि तो मिळून त्यांना पाचच आठवडे झाले होते. त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा दांड्या सोडल्या. खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, कुणाला न धरता, चार वेळा गेल्या. काका भराभर बटण दाबत राहिले.

दुपारी ऑफिसातल्या संगणकावर फोटो उघडले आणि काकांचा चेहरा पडला. खोली, आरसा, दांड्या, माणसं, सगळंच स्पष्ट यावं म्हणून त्यांनी आकडा अकरावर लावला होता. बाहेर ढग. कॅमेऱ्याने सांगितल्याप्रमाणे बाकीचं बघितलं होतं: डोळा जास्त वेळ उघडा ठेवला होता. उभी माणसं नीट आली होती. चालणारी सगळी हलली होती. हे त्यांनीच ताईला, काकूंना पाटी वाचायला लावून, शिकवलं होतं आणि ते स्वतःच विसरले होते. हाताने लावत असते तर शटरचा आकडा डोळ्यांसमोर असता, असं ते म्हणाले. दुसऱ्याच्या भरवशावर टाकलं की असं होतं.

“तीस वर्षांत हललेला फोटो कुणाच्या हातात दिला नाही,” ते म्हणाले. “पुसून टाक सगळे. डॉक्टरांना सांग, दुसरा माणूस बघा.”

ताईचं बोट माउसवर होतं, पण ती पुसत नव्हती. तेवढ्यात खेळाच्या बाई पुढच्या तारखेचं विचारायला दारात आल्या आणि पडद्यावर आपणच आहोत हे पाहून सरळ आत शिरल्या. काका पडद्यासमोर आडवे यायला गेले. बाईंनी त्यांना शाळेतल्या पोरासारखं बाजूला केलं.

पडद्यावर बाई डावीकडून उजवीकडे निघाल्या होत्या. कृत्रिम पाय जमिनीवर टेकलेला, अगदी बुटाच्या नाडीपर्यंत स्पष्ट, कारण अंगाचा सगळा भार त्या क्षणी त्याच्यावर होता. दुसरा पाय, त्यांचा स्वतःचा, हवेत पुढे जाता जाता पुसट झालेला. हात पुसट. चेहरा थोडा पुसट, पण हसतोय हे कळत होतं.

“हा मला द्या,” बाई म्हणाल्या.

काकांनी समजावलं की हा बिघडलेला आहे, हललाय, उद्या ऊन पडलं की नीट काढतो.

“नीट काढा ना, पुस्तिकेत घाला. हा माझा. पाय गेल्यापासून सगळ्यांनी माझे उभ्याचे फोटो काढलेत. उभी मी पाय नसतानाही राहत होते, भिंतीला टेकून. इथे मी चालतेय.”

काका खुर्चीत बसले. त्यांनी पडद्यावरचा फोटो मोठा करायला सांगितला, आधी टेकलेल्या पायाशी, मग पुसट पायाशी, मग परत पूर्ण. एवढ्या वर्षांत आपण असे किती पुसले असतील, असं ते बाईंना नाही, काकूंना म्हणाले, आणि काकू म्हणाल्या की मी मोजायला बसले नव्हते.

दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं. काकांनी आकडा चारवर आणला, सहाही जणांना परत बोलावलं, आणि पुस्तिकेला हवे होते तसे स्वच्छ फोटो दिले. मोठ्या डॉक्टर खूश झाल्या. पण तो हललेला फोटो काकांनी स्वतः जाऊन मोठ्या आकारात छापून आणला आणि कागदात गुंडाळून बाईंच्या हातात दिला. घरी जाताना बाईंनी तो काखेत धरला आणि दुसऱ्या हाताने काठी घेतली. काठीची गरज नव्हती, पण त्यांनी ती एक महिना ठेवायचं डॉक्टरांना कबूल केलं होतं.

त्यानंतर काका दर गुरुवारी यायला लागले. लग्नांची कामं त्यांनी पुन्हा धरली नाहीत. विचारायला आलेल्या दोन जुन्या ओळखीच्यांना त्यांनी स्वतःच दुसऱ्या फोटोग्राफरचा पत्ता दिला. चार तास कॅमेरा उचलून धरण्याएवढी ताकद एका हातात राहत नाही, हे त्यांनी सरळ मान्य केलं. वर्कशॉपमध्ये मात्र ते तासभर थांबत आणि चालायला शिकणाऱ्यांचे फोटो काढत. आता ते मुद्दाम आकडा अकरावर, कधी सोळावर नेत, म्हणजे कॅमेरा हळू होई. पाय टेकण्याची नेमकी वेळ साधायची असे. दहांतला एखादा जमे. नऊ पुसताना त्यांना वाईट वाटत नसे, उलट जमलेला एक ते सगळ्यांना बोलावून दाखवत, भट्टीवरच्या माणसालाही, आणि त्याचा पत्रा जास्त तापायचा.

ताईही शिकत होती. फायलींसाठी आठ, गर्दीत एकच माणूस हवा असेल तर दोन पूर्णांक आठ, स्टॅंडशिवाय अकरा नाही, हे तिच्या बोटांत बसलं. मोठ्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या बंद झाल्या.

हिवाळ्यात खेळाच्या बाईंच्या शाळेच्या शर्यती होत्या. त्यांनी काकांना बोलावलं, आणि काकांनी ताईला. शनिवार होता, ताईने सुटीचा विचार न करता वर्कशॉपचा कॅमेरा घेतला. मैदानाच्या कडेला पांढऱ्या चुन्याच्या रेघा मारल्या होत्या. बाई शिट्टी घेऊन मधोमध उभ्या होत्या, काठीशिवाय, आणि दोनशे मुलांना एकट्या आवरत होत्या. काकू घडीची खुर्ची, पाण्याची बाटली आणि काकांची टोपी घेऊन आल्या होत्या. काका टोपी घालायला तयार नव्हते. शेवटी काकूंनी ती स्वतःच घातली.

काकांनी सांगितलं की मी सुरुवातीच्या रेघेपाशी राहतो, तू शेवटाला जा, फितीपाशी, माझे पाय आता तेवढे पळत नाहीत. आकडा किती ठेवू ते विचारायला ताई वळली, तोवर ते मैदानाच्या पलीकडे निघून गेले होते. तिने आकाश पाहिलं. ऊन होतं, पण उतरतं. पळणारी पोरं हलायला नकोत. तिला अजून काकांसारखा मुद्दाम हलवायचा धीर नव्हता. तिने आकडा चारवर आणला, फितीवर नेम धरला आणि वाट पाहू लागली.

शिट्टी झाली. पोरं आली. पुढे एक लांब वेणीची मुलगी होती, तोंड उघडं, मुठी वळलेल्या. ताईने दाबलं, परत दाबलं, परत दाबलं. फीत तुटली, आरडाओरडा झाला, आणि बाईंनी त्या मुलीला उचलून घेतलं, हे मात्र टिपायचं राहून गेलं, कारण ताई कॅमेरा खाली करून नुसती बघत बसली होती.

काका मैदान ओलांडून आले, घामाघूम. त्यांनी तिचा कॅमेरा डाव्या हातात घेतला आणि काकूंच्या टोपीच्या सावलीत पडदा पाहिला. फीत स्पष्ट होती, तिच्यावरचा एक एक धागा मोजावा इतकी. तिच्यामागे वेणीची मुलगी धुक्यातून यावी तशी पुसट.

काकांनी फोटो काकूंना दाखवला. काकूंनी टोपी मागे सारून पाहिला, डोळे बारीक करून परत पाहिला, आणि काकांकडे बघितलं. ताई अंग चोरून उभी राहिली.

“फीत छान आलीय,” काका म्हणाले, आणि पुढच्या शर्यतीसाठी कॅमेरा तिच्याकडे परत दिला.